वृक्षरोगकारक सूत्रकृमींची प्रथिने

वृक्षरोगकारक सूत्रकृमींची प्रथिने म्हणजे झाडांच्या मुळांत किंवा खोडात उपजीविका करणाऱ्या परजीवी सूत्रकृमींच्या शरीरात तयार होणारी आणि प्रामुख्याने त्यांच्या तोंडावाटे वनस्पतीच्या पेशींत सोडली जाणारी प्रथिने होत. सूत्रकृमीने मुळाला टोचल्यामुळे होणारी इजा तुलनेने किरकोळ असते. मुळांच्या पेशींची भित्तिका विरघळणे, पेशी अवाजवी वाढणे, मुळांवर गाठी येणे आणि झाडाची संरक्षणव्यवस्था निष्प्रभ होणे हे परिणाम बहुतांशी या प्रथिनांमुळे घडतात. म्हणून सूत्रकृमीजन्य रोगांच्या अभ्यासात प्रथिनांना मध्यवर्ती स्थान आहे.

फळबागांच्या दृष्टीने या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. हंगामी पिकात सूत्रकृमींचा प्रादुर्भाव झाल्यास पुढील हंगामात पिकाची फेरपालट करता येते. डाळिंब, संत्रा, पेरू यांसारखी झाडे मात्र एकदा लावली की अनेक वर्षे त्याच जागी उभी असतात आणि त्यांच्या मुळांवर सूत्रकृमींच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढतात. जमिनीत विषारी रसायने घालणे हा दीर्घकाळ प्रमुख उपाय होता. त्याचे धोके लक्षात आल्यानंतर रोगाच्या मुळाशी असलेल्या प्रथिनांकडे संशोधकांचे लक्ष वळले.

सूत्रकृमी आणि झाडांचे रोग

सूत्रकृमी हे दोऱ्यासारखे, खंडविरहित व बहुधा सूक्ष्म प्राणी आहेत. माती, गोडे पाणी आणि समुद्र या सर्व ठिकाणी ते आढळतात. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असून ते जीवाणू व बुरशी यांवर जगतात. वनस्पतींवर उपजीविका करणाऱ्या सुमारे चार हजार जातींचे वर्णन झालेले आहे. झाडांच्या दृष्टीने महत्त्वाचे काही सूत्रकृमी पुढीलप्रमाणे आहेत.

मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मेलॉइडोगायनी प्रजाती) : डाळिंब, पेरू, अंजीर, पीच इत्यादी झाडांसह असंख्य भाज्यांवर आढळतात. मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा ही त्यांतील सर्वाधिक पसरलेल्या जातींपैकी एक आहे.

लिंबूवर्गीय झाडांवरील सूत्रकृमी (टायलेंक्युलस सेमिपेनेट्रान्स) : संत्रा, मोसंबी, लिंबू यांच्या मुळांवर वाढतो. याच्यामुळे झाड एकाएकी मरत नाही. वर्षानुवर्षे खंगत जाते व फळे लहान होतात.

मुळे पोखरणारा सूत्रकृमी (रॅडोफोलस सिमिलिस) : केळी, नारळ, सुपारी, मिरवेल यांच्या मुळांत पोकळ्या करतो. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येनुसार केळ हे झाड नव्हे. परंतु बागायतीत ते झाडांच्या सोबतीनेच वाढते.

पाइनच्या लाकडातील सूत्रकृमी (बर्साफेलेंकस झायलोफिलस) : हा मुळांत न राहता खोडात राहतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर त्याला लांब मिशांचे भुंगेरे नेतात. प्रादुर्भाव झालेले झाड काही आठवड्यांत ते काही महिन्यांत वाळून जाते.

नारळाच्या लाल कडे रोगाचा सूत्रकृमी (बर्साफेलेंकस कोकोफिलस) : कॅरिबियन बेटे आणि लॅटिन अमेरिका येथे नारळाची मोठी हानी करतो. या रोगात खोड आडवे कापल्यास आत लाल रंगाचे कडे दिसते. हा सूत्रकृमी भारतात आढळत नाही.

प्रथिनांची निर्मिती

वनस्पतींवर जगणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात एक पोकळ, सुईसारखा अवयव असतो. या मुखसुईने तो पेशीची भित्तिका भेदतो, तिच्यातूनच आपला स्राव पेशीत सोडतो आणि तिच्याचद्वारे पेशीतील अन्नरस शोषतो. स्राव तयार करण्याचे काम ग्रसिका ग्रंथी करतात. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींत अशा तीन ग्रंथी असतात : एक पाठीकडील व दोन पोटाकडील. प्रत्येक ग्रंथी ही केवळ एक मोठी पेशी असते.

तिन्ही ग्रंथी सर्वकाळ सारख्याच कार्यरत नसतात. अंड्यातून बाहेर पडलेले दुसऱ्या अवस्थेतील पिल्लू सुमारे अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी लांबीचे असते. ते मुळाच्या टोकाजवळून आत शिरते, तेव्हा पोटाकडील ग्रंथी अधिक सक्रिय असतात आणि वाट मोकळी करणारी प्रथिने तयार करतात. पिल्लू मुळाच्या मध्यभागी अन्नवाहिन्यांजवळ स्थिरावले की पोटाकडील ग्रंथी आक्रसतात आणि पाठीकडील ग्रंथी मोठी होते. या काळातील प्रथिनांच्या प्रभावाने आसपासच्या काही पेशी विभागून वेगळ्या न होता वाढत राहतात व त्यांत अनेक केंद्रके साठतात. त्यांना महाकाय पेशी म्हणतात. सूत्रकृमीचे पुढील सारे पोषण या पेशींतून होते. त्यांच्याभोवतीच्या ऊती फुगून मुळावर दिसणारी गाठ तयार होते.

मादी पुढे नासपतीच्या आकाराची होते, एकाच जागी राहते आणि चिकट आवरणात काहीशे अंडी घालते. अनुकूल उष्ण हवामानात हे चक्र साधारणतः एका महिन्यात पूर्ण होते. मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा या जातीत प्रजननासाठी नराची आवश्यकता नसते. त्यामुळे एकच पिल्लू मुळात शिरले तरी नवी वसाहत उभी राहू शकते.

अभ्यासाचा इतिहास

वनस्पतींवरील सूत्रकृमीचे पहिले निरीक्षण १७४३ मध्ये इंग्लंडमधील जॉन नीडहॅम यांनी गव्हाच्या रोगट दाण्यांत केले. मुळांवरील गाठींचा संबंध सूत्रकृमींशी असल्याचे १८५५ मध्ये माइल्स बर्कली यांनी काकडीच्या मुळांवरून दाखविले. भारतात या गटाची पहिली नोंद १९०१ मध्ये सी. ए. बार्बर यांनी दक्षिण भारतातील चहाच्या झाडांवर केली. लिंबूवर्गीय झाडांवरील सूत्रकृमीचे नामकरण १९१३ मध्ये नेथन कॉब यांनी केले.

प्रथिनांचा उपयोग सुरुवातीस केवळ जाती ओळखण्यासाठी होत असे. सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींसारख्या दिसणाऱ्या मेलॉइडोगायनीच्या जातींत एस्टरेझ या विकराची रूपे मात्र वेगवेगळी असतात. एकाच मादीतील प्रथिने विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने जेलवर पसरवून मिळणाऱ्या पट्ट्यांवरून जात ओळखण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. पेरूच्या बागांना उपद्रव देणारी मेलॉइडोगायनी एंटेरोलोबी ही जात इतरांपासून वेगळी ओळखण्यासाठीही ती उपयोगी पडली. चीनमधील हैनान बेटावरील एका वृक्षाच्या मुळांवरून १९८३ मध्ये या जातीचे वर्णन झाले होते आणि त्या वृक्षाच्या प्रजातीवरूनच तिला नाव मिळाले.

प्रथिनांच्या कार्याविषयीच्या संशोधनाला १९९८ मध्ये वेगळे वळण मिळाले. बटाटा व सोयाबीन यांवरील सूत्रकृमींच्या ग्रंथींत सेल्युलोज तोडणारी विकरे त्यांच्या स्वतःच्या जनुकांपासून तयार होतात, असे त्या वर्षी सिद्ध झाले. तोपर्यंत प्राण्यांतील सेल्युलोजचे पचन हे त्यांच्या पोटातील जीवाणूंचेच कार्य मानले जाई. सूत्रकृमींमधील या जनुकांचे साम्य जीवाणूंच्या जनुकांशी आढळले. दूरच्या भूतकाळात ती जीवाणूंकडून सूत्रकृमींच्या पूर्वजांत आली असावीत, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला.

२००८ मध्ये मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा व मेलॉइडोगायनी हॅप्ला या दोन जातींचे संपूर्ण जनुकीय आराखडे प्रसिद्ध झाले. पहिल्या जातीत १९,००० हून अधिक जनुके आढळली आणि वनस्पतीची भित्तिका तोडणाऱ्या विकरांची संख्या इतर प्राण्यांच्या तुलनेत असाधारण असल्याचे दिसले. त्याच वर्षी या जातीच्या स्रावातील ४८६ प्रथिने प्रत्यक्ष ओळखण्यात आली. पाइनच्या सूत्रकृमीचा जनुकीय आराखडा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रमुख प्रथिने व त्यांचे कार्य

भित्तिका तोडणारी विकरे : वनस्पतीच्या पेशीची भित्तिका सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व पेक्टिन यांची बनलेली असते. सूत्रकृमींच्या स्रावात सेल्युलेझ, झायलनेझ व पेक्टेट लायेझ ही त्या त्या घटकाला तोडणारी विकरे असतात. यांखेरीज एक्स्पान्सिन हे प्रथिनही असते. ते भित्तिकेतील धागे न तोडता केवळ सैल करते. वनस्पती वाढताना आपली भित्तिका सैल करण्यासाठी अशीच प्रथिने वापरते.

पेशीची घडण बदलणारी प्रथिने : मेलॉइडोगायनीच्या ग्रंथींतील १६डी१० हे प्रथिन अवघ्या १३ अमिनो आम्लांचे आहे. ते वनस्पतीच्या पेशीतील जनुकांचे नियमन करणाऱ्या प्रथिनांशी जोडले जाते आणि मुळांच्या वाढीवर परिणाम करते. मेलॉइडोगायनी जावानिका या जातीत १९९९ मध्ये कोरिस्मेट म्युटेझ हे विकर आढळले. एरवी ते वनस्पती, बुरशी व जीवाणूंत असते. वनस्पतीची संप्रेरके व संरक्षक द्रव्ये ज्या कच्च्या मालापासून बनतात, तोच हे विकर दुसरीकडे वळवते, असे मानले जाते.

संरक्षण निष्प्रभ करणारी प्रथिने : परका जीव शिरल्याचे ओळखताच वनस्पतीच्या पेशी विषारी ऑक्सिजन-संयुगे तयार करतात आणि आपली भित्तिका जाड करतात. सूत्रकृमी आपल्या स्रावातील विकरांनी ही संयुगे निष्प्रभ करतात. कॅल्रेटिक्युलिन हे सूत्रकृमीचे प्रथिन पेशींबाहेर सोडले जाते आणि वनस्पतीचे संरक्षणात्मक प्रतिसाद दडपून टाकते.

सोंग घेणारी प्रथिने : पाइनच्या सूत्रकृमीच्या स्रावात खुद्द पाइन वृक्षाच्या प्रथिनांशी साम्य असलेली काही प्रथिने आढळली आहेत. झाडाने त्यांना परकी म्हणून ओळखू नये, हा त्यांचा हेतू असावा असा संशोधकांचा तर्क आहे.

अभ्यासाच्या पद्धती

या प्रथिनांचा अभ्यास दोन कारणांनी कठीण ठरतो. पहिले म्हणजे, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी जिवंत मुळाशिवाय वाढत नाहीत. दुसरे म्हणजे, एका पिल्लाचा स्राव इतका अल्प असतो की अभ्यासापुरती प्रथिने मिळविण्यासाठी फार मोठ्या संख्येने पिल्ले गोळा करावी लागतात.

सामान्यतः वांगी किंवा टोमॅटो यांच्या मुळांवर सूत्रकृमी वाढवून अंडी वेगळी काढतात. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना रिसॉर्सिनॉलसारखे रसायन किंवा मुळांतून पाझरणारी द्रव्ये दिल्यास ती मुळाबाहेरच स्राव सोडू लागतात. त्या पाण्यातील प्रथिनांचे लहान तुकडे करून मास स्पेक्ट्रोमेट्री या तंत्राने प्रत्येक तुकड्याचे वस्तुमान मोजले जाते. ही मापे जनुकीय आराखड्याशी ताडून पाहिली की तुकडा कोणत्या प्रथिनाचा आहे हे कळते. म्हणूनच आराखडे उपलब्ध झाल्यानंतर या क्षेत्राची प्रगती वेगाने झाली.

प्रथिन कोणते हे कळले तरी ते कोणते कार्य करते हे निराळे शोधावे लागते. त्यासाठी आरएनए-हस्तक्षेप हे तंत्र प्रामुख्याने वापरतात. या तंत्राचा शोध सिनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या मातीतील निरुपद्रवी सूत्रकृमीवरील प्रयोगांतून १९९८ मध्ये लागला आणि त्यासाठी अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या जनुकाचे कार्य जाणून घ्यायचे त्याच्याशी जुळणारा दुपदरी आरएनए सूत्रकृमीला दिल्यास ते जनुक मूक होते. त्यानंतर सूत्रकृमीला मुळात शिरणे किंवा तेथे वाढणे जमले नाही, तर त्या प्रथिनाचे महत्त्व सिद्ध होते. मुळात शिरण्यापूर्वी पिल्ले काहीच गिळत नसल्यामुळे हा प्रयोग आरंभी अशक्य वाटत होता. ऑक्टोपामिन या द्रव्यामुळे पिल्ले भोवतीचे द्रव गिळू लागतात असे आढळल्यावर ही अडचण दूर झाली.

पाइन वृक्षांचा कोमेजण्याचा रोग

झाडांवरील सूत्रकृमींच्या प्रथिनांचा सर्वाधिक अभ्यास पाइनच्या रोगाबाबत झाला आहे. जपानमधील नागासाकी येथे पाइन वृक्ष मोठ्या प्रमाणावर मरत असल्याची नोंद १९०५ मध्ये झाली; परंतु त्याचे कारण सूत्रकृमी असल्याचे १९७१ मध्ये, म्हणजे सहा दशकांहून अधिक काळानंतर, सिद्ध झाले. हा सूत्रकृमी मूळचा उत्तर अमेरिकेतील असून तेथील स्थानिक पाइन वृक्ष त्याला बऱ्याच अंशी तोंड देऊ शकतात. १९८२ मध्ये तो चीनमध्ये, १९८८ मध्ये दक्षिण कोरियात आणि १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये आढळला.

या सूत्रकृमीतील सेल्युलेझ मेलॉइडोगायनीतील सेल्युलेझपेक्षा निराळे आहे. त्याचे साम्य जीवाणूंशी नसून बुरशीतील विकरांशी आहे. हा सूत्रकृमी मृत लाकडात बुरशीवरही जगतो, हे लक्षात घेतल्यास त्याच्या पूर्वजांना हे जनुक बुरशीकडून मिळाले असावे हा निष्कर्ष सयुक्तिक ठरतो. एकच काम करणारी विकरे सूत्रकृमींच्या दोन कुळांनी दोन वेगळ्या उगमांतून मिळविली, असे यावरून दिसते.

या रोगामुळे लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. मालाच्या वेष्टनासाठी वापरायचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमानात किमान ३० मिनिटे तापविणे ही त्यासाठी मान्य असलेल्या प्रक्रियांपैकी एक आहे. या तापमानात सूत्रकृमी जिवंत राहत नाहीत.

महाराष्ट्रातील संदर्भ

डाळिंबाच्या उत्पादनात महाराष्ट्र देशात अग्रेसर आहे. सोलापूर येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र कार्यरत आहे. डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारा प्रमुख सूत्रकृमी मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा हा आहे. ठिबक सिंचनाच्या बागेत ओलावा तोट्यांजवळ टिकतो. पांढरी मुळे तेथेच दाट होतात आणि सूत्रकृमीही तेथेच वाढतात. पाने पिवळी पडणे, फुले कमी लागणे, फळे लहान राहणे ही लक्षणे अन्नद्रव्यांच्या कमतरतेसारखी दिसत असल्याने खरे कारण अनेकदा उशिरा कळते. मुळे उकरून गाठी पाहणे हाच निदानाचा सोपा मार्ग आहे. सूत्रकृमींनी केलेल्या जखमांमुळे मर रोगाच्या बुरशीलाही मुळांत शिरणे सुलभ होते.

डाळिंबाची रोपे महाराष्ट्रात प्रामुख्याने गुटी कलमाने तयार होतात, म्हणजे झाड स्वतःच्याच मुळांवर उभे असते. संत्र्याचे तसे नाही. विदर्भात संत्र्याची कलमे जंबेरी किंवा रंगपूर लाइम यांच्या खुंटावर बांधली जातात. त्यामुळे सूत्रकृमीला दाद न देणारा खुंट वापरण्याचा मार्ग संत्र्यात तत्त्वतः मोकळा आहे. ट्रायफोलिएट संत्र्यात अशी प्रतिकारशक्ती असल्याचे ज्ञात आहे. लिंबूवर्गीय फळांवरील केंद्रीय संशोधन संस्था नागपूर येथे आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर संशोधन होते.

किनारपट्टीवरील वाड्यांची रचना निराळी आहे. पालघर जिल्ह्यातील वसईच्या पश्चिम पट्ट्यात गास, निर्मळ, भुईगाव या परिसरातील बागायतीत नारळ, केळी, पानवेल, फुलझाडे व भाजीपाला ही पिके पूर्वापार घेतली जातात. यांतील केळी व नारळ मुळे पोखरणाऱ्या सूत्रकृमीला आश्रय देऊ शकतात, तर केळी, पानवेल व बहुतेक भाज्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना. एकाच वाडीत अशी पिके शेजारी शेजारी असली, की एक पीक निघाल्यावरही सूत्रकृमींना दुसरे उपलब्ध असते. त्यामुळे केवळ फेरपालटीवर विसंबणे अशा बागायतीत पुरेसे ठरत नाही.

उपयोग

सूत्रकृमींविरुद्ध पूर्वी वापरली जाणारी रसायने मानवालाही घातक ठरली. डायब्रोमोक्लोरोप्रोपेन या द्रव्यामुळे कारखान्यातील पुरुष कामगारांना वंध्यत्व आल्याचे १९७७ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. आज ते भारतातही बंदी असलेल्या कीटकनाशकांच्या यादीत आहे. मिथिल ब्रोमाइड या धुरीकारकाचा शेतीतील वापर ओझोन थराच्या रक्षणासाठी मॉन्ट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आला. या पार्श्वभूमीवर प्रथिनांच्या अभ्यासातून पुढील पर्याय पुढे आले आहेत.

जनुक मूक करणे : २००६ मध्ये १६डी१० च्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए स्वतःच तयार करणारी रोपे विकसित करण्यात आली. ती खाल्ल्यावर सूत्रकृमीचेच जनुक मूक झाले आणि चार प्रमुख जातींचा प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणात घटला. त्याच वर्षी भारतीय संशोधकांनी तंबाखूच्या रोपांत हेच तत्त्व सूत्रकृमीच्या इतर जनुकांबाबत यशस्वीपणे वापरून दाखविले.

पचन रोखणे : सूत्रकृमी आपले अन्न पचविण्यासाठी प्रथिने तोडणारी विकरे वापरतात. त्या विकरांना अडविणारे सिस्टॅटिन हे प्रथिन तांदूळ व मका यांत नैसर्गिकरीत्या असते. ते केळीच्या मुळांत तयार होईल अशी रोपे विकसित झाली असून भाजीच्या केळीवर युगांडात त्यांच्या शेतचाचण्या झाल्या आहेत.

प्रतिकारक्षम खुंट : आलुबुखारच्या मायरोबॅलन या जातीतील एमए हे जनुक मेलॉइडोगायनीच्या अनेक जातींना रोखते. २०११ मध्ये त्याची रचना स्पष्ट झाली. पीच व आलुबुखार यांच्या खुंटांची निवड करताना त्याचा उपयोग होतो.

जैविक नियंत्रण : पाश्चुरिया पेनेट्रान्स या जीवाणूचे बीजाणू पिल्लांच्या त्वचेवर चिकटतात आणि पुढे मादीला अंडी घालण्यास असमर्थ करतात. बीजाणू कोणत्या पिल्लावर चिकटेल हे त्वचेवरील प्रथिनांवर अवलंबून असते. म्हणून एका बागेत उपयोगी पडलेला वाण दुसऱ्या बागेत निरुपयोगी ठरू शकतो.

मर्यादा

सूत्रकृमी एकाच कामासाठी अनेक जनुके बाळगतात. त्यामुळे एक प्रथिन रोखले तरी दुसरे त्याची जागा घेऊ शकते. टोमॅटोमधील एमआय-१ हे प्रतिकारक जनुक अनेक दशके वापरात आहे. परंतु जमिनीचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सियसच्या वर गेल्यास त्याचा प्रभाव कमी होतो, त्याला न जुमानणारे सूत्रकृमीही निर्माण झाले आहेत आणि मेलॉइडोगायनी एंटेरोलोबीवर त्याचा परिणाम होत नाही. उष्ण प्रदेशातील बागांसाठी ही उणीव महत्त्वाची आहे.

प्रयोगशाळेतील बहुतेक काम टोमॅटो, तंबाखू व अराबिडॉप्सिस अशा अल्पायुषी वनस्पतींवर झाले आहे. झाडाला फळे येण्यासच काही वर्षे लागतात. त्यामुळे तेच प्रयोग झाडांवर करणे वेळखाऊ व खर्चिक ठरते. शिवाय भारतात जनुकीय फेरफार केलेल्या पिकांपैकी व्यापारी लागवड केवळ बीटी कापसाची झाली असून अशा कोणत्याही फळझाडाची लागवड होत नाही.

परिणामी बागेत आजही प्रतिबंधात्मक उपायांवरच भर द्यावा लागतो : सूत्रकृमीमुक्त मातीत वाढविलेली रोपे निवडणे, लागवडीपूर्वी मुळे तपासणे, उन्हाळ्यात जमीन नांगरून तापू देणे, निंबोळी पेंड व उपयुक्त बुरशींचा वापर करणे आणि झाडांच्या ओळींत झेंडू लावणे. झेंडूच्या मुळांतील अल्फा-टरथिएनिल हे द्रव्य सूत्रकृमींना मारक असते. प्रादुर्भाव झालेल्या बागेतून सूत्रकृमींचे समूळ उच्चाटन करणे जवळजवळ अशक्य असल्याने रोप जमिनीत जाण्यापूर्वी घेतलेली दक्षता ही सर्वांत परिणामकारक ठरते.